बंदूक तेलात हाय

८ जानेवारी, बुधवार

आज घरात बंदूक आली.

आधी वहीचं सांगते, नाहीतर उद्या कोणाच्या हाती लागली तर म्हणेल, म्हातारीला लिहायचं काय सुचलं. वही उन्नतीची, माझ्या धनेशच्या पोरीची. ती नेमबाजी खेळते. तिच्या सरांनी सगळ्या पोरापोरींना रोज लिहायला लावलंय, नेम कुठे लागला, मन कुठे होतं, झोप झाली का. तिच्याकडे दोन वह्या झाल्या. एक माझ्या खाटेवर टाकून म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ना, त्यातलं निम्मं ह्यात लिही. घराला तेवढा आराम."

मी चौथी शिकले. पाचवीला बापाने म्हशींमागे धाडलं. पण पत्रिका वाचता येते, औषधाची बाटली वाचता येते, आणि माणसाचं तोंड तर न शिकताच वाचता येतं.

तर बंदूक. आतापर्यंत पोरगी क्लबच्या बंदुकीवर शिकली, ही तिची स्वतःची. लायसनसाठी पोलीस दोनदा घरी आले, चहा प्यायले, माझं नाव विचारून गेले. मानकोलीच्या नाक्यापर्यंत बातमी, धनेशने काहीतरी केलं. केलं असतं तर बरं झालं असतं, निदान हातपाय हलवले असते. गोडाऊनची भाडी घेऊन सोन्याची साखळी चाचपत बसतो दिवसभर.

पोरीने माझ्या खाटेवर चादर अंथरून पेटी उघडली. बंदूक कागदात गुंडाळलेली आणि अंगभर चिकट चरबीसारखं तेल. वास आला. रंजिता, म्हणजे आमची सून, नाकाला पदर लावून बाहेर गेली. मी बसून राहिले. गुडघे दुखत होते.

ह्यांची बंदूक अशीच वास मारायची. एकनळी होती, शेतासाठी लायसन. तेव्हा आता गोडाऊन आहे तिथे आमचं भात होतं, आणि त्याच्यापलीकडे खाडीपर्यंत तिवरांचं रान. तिवरांतून डुकरं यायची आणि रातोरात पिकाचा चिखल करून जायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. परत यायची ती गंजून, ठिपके पडून. मग हे अंगणात गोणपाट टाकून बसायचे. रॉकेल, सळई, आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. नव्या कापडाची नाही चालायची. "नव्याचं सूत आत अडकतं," म्हणायचे. "धुऊन धुऊन मऊ झालेलं दे." मग खोबरेल. खाडीचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून नळी तेलाने माखायची. शेवटी नळी आभाळाकडे धरून एका डोळ्याने बघायचे आणि मला हाक मारायचे, "ये, बघ." मी म्हणायचे, तव्यावर भाकरी आहे.

एवढं करायचे आणि उडवायचे नाहीत. गावात कोणाची हळद असली, कोणी म्हटलं एक बार काढा, तर ठरलेलं उत्तर. "बंदूक तेलात हाय. सुकली का बघू." डुकरांनासुद्धा डबा वाजवून हाकलायचे. मी म्हणायचे, दूध न देणाऱ्या म्हशीला रोज आंघोळ घालतो हा माणूस. आळशी होते, दुसरं काय.

ते गेल्यावर धनेशने बंदूक ठाण्यात दिली ती दिलीच.

९ जानेवारी, गुरुवार

आज पोरीने बंदूक धुतली. धुतली म्हणजे पाण्याने नाही.

"आजी, कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून आत जाड ग्रीस भरतात. ते काढल्याशिवाय एक गोळी पन मारायची न्हाय."

"म्हणजे बाळाच्या अंगावरचं चिकट पुसायचं."

"तसंच समज."

गोळी आत ढकलणारा मागचा बोल्ट काढून ठेवला. सळई मागून घातली. पुढून का नाही, विचारलं. तर म्हणे पुढच्या तोंडाला केसाएवढा ओरखडा पडला तरी नेम जातो. आमचे हे मात्र पुढूनच घालायचे. त्यांच्या बंदुकीला मागून घालता आली असती की नाही, आता कोणाला विचारू.

पांढऱ्या कापडाचे गोल तुकडे मिळतात बाजारात ह्यासाठी, पुडीत. काय काय विकतात. पहिला तुकडा बाहेर आला तो मिश्रीसारखा काळा. मग पितळी ब्रश, मग औषध, मग परत तुकडा. काळा, मग पिवळा, मग मळका. मी तुकडे एका ताटलीत ओळीने लावत गेले. शेवटचा जसा घातला तसा पांढरा आला. मग एका तुकड्यावर तेलाचा थेंब घेऊन नुसता फिरवला. बोल्टच्या दांड्याला बोट लावल्याएवढं तेल. खटक्याला अजिबात नाही, त्यात धूळ बसते म्हणे.

"एवढंसंच?"

"एवढंच. तेल जास्त झालं तरी बंदूक बिघडते."

मग तिने नळी खिडकीकडे धरली, एका डोळ्याने बघितलं आणि म्हणाली, "ये, बघ."

आत चकचकीत. वळणं वळणं गेलेली, जात्यातून पीठ पडावं तशी. टोकाला गोल उजेड. त्यात गोडाऊनचा निळा पत्रा दिसला.

"पहिली गोळी कधी?"

"सर परगावी गेलेत स्पर्धेला. फेब्रुवारीत येतील. पहिली त्यांच्यासमोर मारायची. मग मार्चमध्ये राज्याची निवड."

डोळ्यात तेल गेलं असावं. पाणी येत होतं थोडा वेळ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ खाऊन दाताचा तुकडा पडला. गोड बोलायची सवय नाही, त्याची शिक्षा.

दीपेशची हळद सहा फेब्रुवारीला, सातला लग्न. दीपेश म्हणजे उन्नतीचा मोठा भाऊ. आज जेवताना त्याने विषय काढला. "आजी, आजोबांची बंदूक होती तवा हळदीला बार व्हायचा ना?"

व्हायचा तर. माझ्या स्वतःच्या हळदीनंतर मी ह्या घरात आले तेव्हा वेशीवर ह्यांच्या काकांनी बार काढला होता. बैल बिथरले, मी गाडीतून पडता पडता राहिले. शेवटचा बार हिरामण भावजींच्या हळदीला. हिरामण म्हणजे माझे धाकटे दीर. अंगणभर माणूस, धवलारीण लग्नाचे धवले गातेय, भावजी पिवळेधमक पाटावर बसलेले, आणि हे बाजूला उभे राहून आभाळात बंदूक उडवतायत. मिशा होत्या तेव्हा. मी आतून बघत होते, हातात आंघोळीच्या पाण्याचा हंडा. दिसत होते बरे. तेवढं कबूल करायला काय जातं.

त्याच हळदीत भावजींचा डावा कान गेला. मी पाणी ओतलं ते कानात शिरलं, असं सगळे म्हणतात. सासू मरेपर्यंत म्हणत होती, "मोठीनं हंडा वतला आन पोराचा कान बुजवला." भावजी पण हसून तेच सांगतात सगळ्यांना. मी पण सांगते, कान गेला म्हणून बायकोशी संसार टिकला. हा विषय निघाला की हे मात्र उठून गोठ्यात जायचे. भावाच्या चेष्टा आवडायच्या नाहीत.

तर दीपेश म्हणाला, "उन्नतीची हाय ना आता. एकच बार. आभाळात."

उन्नतीने घास ताटात ठेवला. "दादा, लायसन खेळासाठी हाय. हळदीत उडवली आनि कोनी मोबाईलवर टाकली, तर लायसन जाईल, बंदूक जाईल, निवड जाईल. परत कदी मिळनार न्हाय."

"कोन टाकतंय?"

"तुझेच मित्र."

"तू न्हाय, मी उडवतो."

"मग तर आत जाशील. नवऱ्याला सोडवायला वऱ्हाड ठाण्यात."

धनेश म्हणाला, आपल्याला कोण विचारतंय. ह्याला सगळ्या प्रश्नाचं हेच उत्तर येतं.

मग माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मी म्हटलं, "माझ्या थोरल्या नातवाची हळद आहे. बार झाला पाहिजे."

उन्नती उठली. ताट उचलून गेली. ह्या पोरी रागावल्या की भांडत नाहीत, ताट घासतात.

पण मी खोटं काय बोलले. इतकी वर्षं झाली, ह्या अंगणात बार झाला नाही. मी मरायच्या आत एकदा व्हावा. गल्लीतल्या काशीला आणि मंडळाच्या सगळ्या बायकांना सांगून पण आले.

१९ जानेवारी, रविवार

उन्नती सरावाच्या शिबिराला पुण्याला गेली. हवेची बंदूक असते, लायसन न लागणारी, ती घेऊन. नवी बंदूक तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, गोळ्या त्यातच आतल्या कप्प्यात. जाताना कपाटाची चावी माझ्या हातात दिली.

"मला कशाला?"

"पप्पांकडे दिली तर दादा मागून घेईल. मम्मी तर आपनहून देईल. तुझ्याकडून घ्यायची कोनाची छाती न्हाय."

"आणि मीच दिली तर?"

तिने बुटाची नाडी बांधली. "तर तू दिलीस," म्हणाली आणि गेली.

चावी कमरेला खोचली आहे. टोचते.

२२ जानेवारी, बुधवार

थंडी चांगली पडली आहे. सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल सुटत नाही.

आज कपाट उघडलं. बघायला. बंदूक नीट उभी होती. नळीच्या तोंडात करंगळी घातली तर कोरडी. बाहेर खाडीचा वारा सुटलेला, भिंतीला ओल, आणि पोरगी नळी कोरडी ठेवून गेली. एक थेंब तेल म्हणे. शिकलेल्यांना सगळं थेंबाने मोजायची सवय. हे असते तर बोंबलले असते.

मग मी केलं. पळीत खोबरेल कोमट केलं आणि नळीत ओतलं. पळीभर, थोडं जास्तच. वरून माझ्या रुमालाचा बोळा लावला. मागच्या दस्त्याच्या लाकडाला पण हात फिरवला. ह्यांचा हात कसा फिरायचा ते हाताला अजून ठाऊक आहे, मला वाटलं विसरले असेन. खोलीभर तोच वास. थोडा वेळ तिथेच बसले, जिना उतरायचा कंटाळा आला म्हणून.

खाली आले तर रंजिता विचारते, "आई, डोक्याला तेल लावलंत का?"

म्हटलं, हो.

२५ जानेवारी, शनिवार

काय लिहू. लिहिते.

उन्नती आली, आंघोळ न करता आधी माझ्याकडून चावी घेऊन कपाट उघडलं. मी मागे उभी. मनात म्हटलं, आता शाबासकी देईल. तिने बोळा काढला, बोल्ट ओढला. बोल्ट घट्ट. कसाबसा आला तर मागे पांढरं लोणी. नळी खोबरेलाने गच्च भरून गोठलेली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी वर ओरडले असते आणि भांडण जमलं असतं. ती नुसती खाली बसली.

"आजी, हे असंच असताना कोनी खटका ओढला असता तर काय झालं असतं, माहीत हाय?"

"काय झालं असतं? तेल उडालं असतं."

"नळी फाटली असती. मागे ज्याचं तोंड, त्याचं तोंड गेलं असतं."

दीपेशचं तोंड आलं माझ्या डोळ्यापुढे. दाढी कोरलेलं. मी पण खाली बसले.

मग सरांना फोन. मग केस सुकवायचं यंत्र आणून नळीवर गरम वारा, तेल वितळून खालच्या वाटीत. मग औषध, ब्रश, तुकडे. बाजारातली पुडी संपली. मी खाली गेले, पेटी उघडली आणि माझं हिरवं लुगडं आणलं. बसूनच फाडलं. धुऊन धुऊन मलमल झालेलं.

"हे कशाला फाडलंस?"

"पुसायला. लुगडं शेवटी पुसायलाच असतं."

दिवस गेला त्यात. हिरव्या चिंध्या आधी तेलकट, मग ओल्या, मग कोरड्या. दुपारनंतर तिचा राग थोडा उतरला, बोलायला लागली. बॅगेतून भगव्या रबराचे बोळे काढून दाखवले.

"हे कानात घालायचे. बार काढताना."

"नाजूक झालात. आमच्या वेळी कोणी घालत नव्हतं."

"म्हनून तुमच्या वेळी मानसं बहिरी व्हायची. ही माझी बारीक गोळीची हाय. मोठी बंदूक कानाशेजारी उडाली ना, तर एका बाराने कान जातो."

"एका बाराने?"

"एका."

कोणाच्या नशिबात काय. हिरामण भावजींचा तर पाण्याने गेला.

संध्याकाळी दीपेश दारात आला. "झाली साफ? मग ठीक हाय. सहा तारखेला तयार." आणि मला डोळा मारून गेला. उन्नती माझ्याकडे बघत होती. मी चिंध्या गोळा केल्या.

चावी तिने परत माझ्याकडेच दिली. मी घेत नव्हते.

३० जानेवारी, गुरुवार

हिरामण भावजींकडे पत्रिका द्यायला गेले. आज त्यांच्या सुना कोणी घरात नव्हत्या, बरं झालं.

भावजी ओट्यावर बसतात ते कायम डावी बाजू भिंतीला लावून. बाकड्यावर बसायची वेळ आली की डावीकडे हे असायचे. लग्न असो, मयत असो, पंचायत असो, हे भावाच्या डावीकडे. कोणी डावीकडून बोललं की हे कोपराने ढोसायचे, मग भावजी वळायचे. माझ्याशेजारी म्हणून कधी बसले नाहीत. मला वाटायचं भावजींच्या डाव्या खिशात तंबाखू असते म्हणून.

मी उजवीकडे बसले. पत्रिका दिली. मग विचारलं, "भावजी, तुमचा कान पाण्यानं गेला?"

"आं?"

"ऐकू आलंय तुम्हाला. ह्या कानाने येतं."

भावजी हसले नाहीत. पत्रिकेवरचा गणपती बघत राहिले.

"वहिनी, पान्यानं कुठं कान जातो व्हय."

"मग?"

"दादा माझ्या ह्या अंगाला हुबा होता. फोटूवाला बोलला, जवल या, जवल या, दोघं दिसत न्हाय. दादा जवल आला. पहिला बार आयकला मी. दुसरा न्हाय आयकला."

रस्त्यावरून गोडाऊनचे ट्रक जात होते. एका मागोमाग एक.

"फोटू चांगला आयला," भावजी म्हणाले. "दोघं दिसतो."

"आणि पाणी कोणी काढलं मध्ये?"

"मीच. आय विचारायला लागली, कान कशानं गेला. दादा उंबराच्या झाडासारका हुबा. बोलला असता तर आयनं त्याला घरात घेतला नसता. तुझ्या हातात हंडा दिसला, मी बोललो पानी गेलं."

"छान. म्हणजे इतकी वर्षं बोल खाल्ला मी."

"तुझं तोंड तिखट, वहिनी. तू खाऊन पचवशील वाटला. दादाला पचला नसता."

मी म्हटलं, दादाला पचलाच नाही ना.

भावजींनी आं केलं नाही.

येताना चपला त्यांच्याच अंगणात राहिल्या. सुनेने आणून दिल्या नंतर. पहिल्या पानावर लिहिलंय की माणसाचं तोंड मला वाचता येतं. आता खोडत नाही. राहू दे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वऱ्हाड निघायला वेळ आहे, सगळे डोळे चोळत फिरतायत. कालचं लिहून घेते.

हळद सुरू झाली दिवस मावळायच्या आधी. मांडव गोडाऊनच्या मोकळ्या जागेत. डीजे एवढा मोठा की पत्रे थरथरत होते. धवलारीण बिचारी कोपऱ्यात धवले गात होती, तिचे ओठ हलताना दिसत होते तेवढंच. मी तिच्याजवळ बसले. समोर हिरामण भावजी मटणाची वाटी घेऊन, उजवा कान आमच्याकडे.

मधेच गाणं थांबवलं. दीपेश आला. अंगभर हळद, मागे मित्रांची टोळी, सगळ्यांचे मोबाईल वर. म्हणजे कोण टाकतंय ते दिसलंच.

"आजी, चावी."

सगळी हळद माझ्याकडे वळली. काशी मला बघून मान हलवत होती, म्हणजे होऊ दे. उन्नती मांडवाच्या खांबाजवळ हळदीची ताटली घेऊन उभी होती. ती मध्ये पडली नाही. ताटली सरळ धरून उभी होती, नेम धरते तशी.

धनेश म्हणाला, "दे गं आये. पोराची हौस हाय."

मी चावी कमरेत चाचपली. आणि म्हटलं, "बंदूक तेलात हाय."

"अगं, साफ केली ना तिनं."

"परत घातलं मी. सकाळी. गोठलंय."

आधी कोणाला कळलं नाही. मग दीपेशचा एक मित्र म्हणाला, "आजीनं बंदुकीला चंपी केली." झालं. "वेनी घातली का, आजी?" "गजरा पन माळा." धनेशने कपाळावर हात मारला. रंजिता तोंडाला पदर लावून हलत होती. काशी म्हणाली, "हौसे, तू तर घरोघर सांगत फिरलीस बार हाय म्हनून."

"फिरले. म्हातारं तोंड, काय पण सांगतं."

माझ्या उभ्या जन्मात मला कोणी हसलं नव्हतं. मीच हसायचे लोकांना. आता समजलं, कान तापतात.

दीपेश म्हणाला, "मग कदी सुकनार?"

"सुकली का बघू."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. किती हळदींत किती जणांना सांगितलं असेल त्यांनी हे. आणि घरी आल्यावर मी म्हणायचे, आळशी.

भावजींनी वाटी खाली ठेवली. उजवा कान आमच्याकडेच होता.

दीपेश दोन गाणी फुगून बसला. तिसऱ्याला नाचला. त्याच्या आवडीचं लागलं की त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत, लहानपणापासून.

उन्नती हळद लावायला आली मला. कानात म्हणाली, "आजी, खरंच घातलंस तेल?"

म्हटलं, "तुला काय करायचंय. गालाला लाव, डोळ्यात जातंय."

हे लिहिताना चावी कमरेलाच आहे. काल दिवसभर तिथेच होती, कपाटाला लागलीच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नवरी घरी आली. बरी आहे. चहा पाणचट करते, शिकेल.

उन्नतीचे सर परत आले. आज पहिली गोळी. मला म्हणाली, "चल." मी म्हटलं, मला काय करायचंय तिथे. तर गाडीत आधीच हिरामण भावजी बसलेले, धुतलेली टोपी घालून. त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. मग मी पण बसले. कोणीतरी त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं.

जागा म्हणजे एक लांब मोकळं मैदान, पलीकडे मातीचा बांध, अलीकडे शेड. पोरीने चटई अंथरली. पेटी उघडली. बॅगेतून माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी काढली. मी विचारलं, "आता परत कशाला पुसतेस, झाली ना साफ?"

"ठेवताना तेलाचा हात लागतो. मारायच्या आधी तो पन पुसून काढायचा. न्हायतर पहिली गोळी भलतीकडं जाते."

सळईवर चिंधी गुंडाळून मागून घातली. दुसऱ्या टोकाला बाहेर आली ती हिरवीच. डाग नाही. सरांनी चिंधी हातात घेऊन बघितली, हे कापड कुठून आणलं म्हणाले. पोरगी म्हणाली, "आजीचं हाय. विकत मिळत न्हाय."

मग तिने नळी वर धरली, बघितलं आणि मला हाक मारली. "ये, बघ."

तव्यावर काही नव्हतं. गेले. आत वळणावळणाने उजेड, आणि टोकाला आभाळ. एवढंसं, गोल. एवढंच दाखवायला हे बोलवायचे म्हणजे. मी बराच वेळ बघितलं असेन, कारण पोरगी म्हणाली, "आजी, हात दुखला माझा."

सगळ्यांना भगवे बोळे दिले. भावजींनी एकच घेतला. म्हणाले, दुसरा वाया कशाला घालवायचा.

शेडमध्ये मागे खुर्च्या होत्या. भावजी एका खुर्चीवर बसले, बोळा अर्धवट घातलेला, तोंडावर लहान पोराची भीती. उजवीकडच्या खुर्चीवर ऊन आलं होतं. मी डावीकडे बसले.

पोरगी चटईवर पालथी पडली. गाल दस्त्याला लावला. खूप वेळ काही झालं नाही. मी म्हणणार होते, झोपली की काय. मग बार झाला. हळदीतल्यासारखा नाही, फांदी मोडल्यासारखा. सरांनी दुर्बिणीतून बघितलं, मान हलवली. पोरीने मागे वळून बघितलं नाही. बोल्ट ओढला, दुसरी गोळी घातली.

भावजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मी कोपराने ढोसलं, आता होणार म्हणून.

दुसरा बार झाला.

भावजी माझ्याकडे वळले. कानात बोळा, त्यामुळे आवाज नको तेवढा मोठा. सगळ्या शेडला ऐकू गेला.

"वहिनी, दुसरा पन आयकला."

मी म्हटलं, "हळू बोला. पोर नेम धरतेय."